कुंदा देव यांच्या खात्यावर जमा

भरलेला कर सापडत नाही म्हणून जो माणूस माझ्या ऑफिसचा जिना चढून येतो, तो मला पायऱ्यांवरच्या पावलांवरून ओळखू येतो. कर चुकवलेला माणूस निवांत येतो. चहा घेतो, नातवाचे फोटो दाखवतो, मग हळूच विषय काढतो. ज्यानं कर भरलाय आणि तरीही नोटीस आलीय, तो बसतसुद्धा नाही. उभ्या उभ्या पावती पुढे करतो आणि म्हणतो, "वकील साहब, ये देखिए, मोहर लगी है!"

मी वकील नाही. बी.कॉम. झालो आणि सदर बाज़ारात शाळेच्या गणवेशांच्या दुकानावर एक खोली घेऊन लोकांचे आयकराचे कागद भरायला लागलो, ते आजतागायत. पण झाशीत काळा कोट न घालताही माणूस वकील होऊ शकतो, टेबलावर फायली असल्या म्हणजे झालं. पहिली काही वर्षं मी लोकांची ही चूक दुरुस्त करत होतो. मग कंटाळलो.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सरकारच्या लेखी तुम्ही म्हणजे दहा अक्षरांचा एक नंबर. त्याला पॅन म्हणतात. तुमचं नाव, तुमचं घराणं, तुमचे आजोबा राणीच्या दरबारात कोण होते, हे त्या नंबरापुढे काही नाही. बँकेत कर भरताना चलानावर नंबर बरोबर पडला तर पैसे तुमच्या नावावर बसतात. एक अक्षर चुकलं तर पैसे सरकारातच जातात, पण दुसऱ्याच्या नावावर. पावती तुमच्या हातात, शिक्का खरा, पैसे गेलेले, आणि तरी तुम्ही थकबाकीदार. मग त्या पैशांचा माग काढायचा, हे माझं काम. ह्यात मी तरबेज आहे, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

समथरचे एक धान्याचे व्यापारी होते. तिघे भाऊ, तिघांचे वेगळे नंबर, वेगळा कर. एका वर्षी तिघांचा कर त्यांनी एकाच चलानानं थोरल्याच्या नंबरावर भरला. धाकट्या दोघांना नोटिसा, आणि थोरल्याला सरकारकडून जास्तीचे पैसे परत. तिघेही माझ्यासमोर. मी विचारलं, असं का केलंत? थोरला म्हणाला, "घर एकई है साब, चूल्हा एकई है, तो परची तीन काय खों कटवाते?" परत आलेले पैसे भावांना द्यायला मात्र थोरल्यानं बरेच दिवस लावले. पुढच्या वर्षी ते आले तेव्हा चुलीही तीन झाल्या होत्या.

असल्या गोष्टी मी लग्नकार्यात पंगतीला बसलो की रंगवून सांगतो. लोक हसतात. आता जी सांगणार आहे ती मी आजवर पंगतीत सांगितलेली नाही. ती ज्यांची आहे त्यांना विचारून, नावं बदलून लिहितो आहे.

विनायक सप्रे माझा मित्र. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात होता. झाशीत मराठी घरं ती किती, त्यामुळे आमची मैत्री व्हायला फार कष्ट पडले नाहीत. त्याच्या लग्नाला मी ग्वाल्हेरला गेलो होतो. अरुंधतीवहिनी ग्वाल्हेरच्या. विनायक हृदयविकारानं अचानक गेला तेव्हा वहिनी एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करत होत्या. घर भाड्याचं. विनायकनं घेऊन ठेवलेला एक प्लॉट होता, तो त्यांनी विकला. त्या पैशांतून दोन खोल्यांचा एक फ्लॅट घ्यायचा ठरला. तळमजल्यावरचा, कारण वहिनींचे गुडघे. मालक झाशी सोडून मुलाकडे चालला होता. त्यानं पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं.

प्लॉटच्या विक्रीवर आयकर बसला, चार लाखांच्या वर. त्या वेळी चलान हातानं लिहून बँकेत भरता यायचं. आकडा मी काढून दिला. चलान लिहून देतो म्हटलं तर वहिनी म्हणाल्या, "नको भाऊजी. सगळं ह्यांनीच केलं आजवर. एक चिठ्ठी तरी मला भरू दे." मला बरं वाटलं. त्या शाळेतून परस्पर बँकेत गेल्या, पैसे भरून आल्या, पावती मला आणून दिली. बँकेच्या गोल शिक्क्यानं नेमका पॅनचा नंबर झाकला होता, पण रक्कम, तारीख, चलानाचा क्रमांक स्वच्छ होता. मी विवरणपत्र भरून टाकलं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला वहिनी जिना चढून आल्या. पावलं ऐकली आणि मी समजलो. त्या उभ्याच राहिल्या. फ्लॅटचे पैसे द्यायला डीडी काढायला गेल्या तर बँकेनं सांगितलं, आयकर विभागाच्या हुकमानं खातं गोठवलं आहे. नोटिसा वर्षभर जात होत्या, पण जात होत्या विनायकच्या ई-मेलवर. मेलेल्या माणसाची टपालपेटी कोण उघडणार?

"भाऊजी, मी तर भरले होते ना? तुमच्यासमोरच पावती दिली होती," त्या म्हणाल्या.

"भरलेत वहिनी. बसा. हे बँकेच्या बाबूचं काम असणार," मी म्हणालो, आणि त्या न पाहिलेल्या बाबूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ही माझी सवय आहे. शिव्या दिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

चलानाचा क्रमांक आणि तारीख संकेतस्थळावर घातली की ते पैसे कुठल्या नंबरावर बसले ते तेव्हा दिसायचं. नावाची पहिली अक्षरं दिसायची, पुढे फुल्या. मी घातलं. पैसे सापडले. नंबर भलताच, वहिनींच्या नंबराशी जुळेना. नाव कु, मग फुल्या. दे, मग फुल्या.

"हे बघा. कुणी कुमार देवेंद्र नाही तर कुशल देवडा असणार. मानिक चौकातला एखादा व्यापारी, तुमच्या पुढे रांगेत उभा असेल. बाबूनं त्याचा नंबर तुमच्या चलानावर चढवला. माणूस शोधून काढतो मी. एक पत्र त्याच्याकडून, एक बँकेकडून, की झालं काम."

वहिनी पडद्याकडे पाहत नव्हत्या. त्या खिडकीकडे पाहत होत्या, आणि तो दहा अक्षरांचा नंबर त्यांनी मला म्हणून दाखवला. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, शाळेतल्या पाढ्यासारखा.

मी पडदा पाहिला. बरोबर होता.

"तुम्हाला कसा माहीत?"

"माझा आहे, भाऊजी. कुंदा देव. ती मी."

पंचवीस वर्षं मी ह्या बाईंना ओळखत होतो. त्यांच्या लग्नात मी जेवलो होतो. मांडवात ताटात तांदूळ पसरून विनायकनं अंगठीनं त्यावर 'अरुंधती' लिहिलं तेव्हा मीच त्याला मागून चिडवत होतो, की वेलांटी दीर्घ काढ रे बाबा. आधी काय नाव होतं हे मी विचारलंसुद्धा नव्हतं. आणि आता कुमार देवेंद्र शोधायला निघालो होतो!

झालं होतं असं. लग्नाआधी त्या ग्वाल्हेरला एका कंपनीच्या ऑफिसात होत्या. पहिली नोकरी, पहिला पगार. कंपनीनंच पॅन काढून दिला, तो नंबर त्यांनी हौसेनं पाठ केला. लग्न झालं, नाव बदललं, आडनाव बदललं. विनायकनं नव्या नावानं नवा पॅन काढला. दोन पॅन ठेवणं कायद्यात बसत नाही हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. जुनं कार्ड माहेरच्या फडताळात राहिलं. नवं कार्ड विनायकच्या कपाटात. पुढे कागद आले की तो नंबर घालायचा, वहिनी सही करायच्या.

"तो दुसरा नंबर मला कधी पाठच झाला नाही. बँकेत खिडकीशी उभी राहिले. पेन उचललं. हातानं जो याद होता तो लिहिला. मला वाटलं, माझाच तर लिहिते आहे," वहिनी म्हणाल्या.

मी सुटलो म्हणालो. खरंच तसं वाटलं मला. पैसे दुसऱ्या कुणाकडे नव्हते, त्यांच्याच जुन्या नावावर पडून होते. एक अर्ज, एक प्रतिज्ञापत्र, जुना नंबर परत करायचा, पैसे नव्यावर वळवायचे, दिवाळीआधी खातं मोकळं. वहिनींना मी चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन आयकर ऑफिसात गेलो.

तिथले तिवारीजी सरळ माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"सरनेम तो समझ में आता है. पहला नाम भी बदल गया? क्यों?"

मी समजावलं. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात, तांदळावर लिहितात, जुन्या घरांत अजून पाळतात. माझ्या घरीही असंच झालंय.

"पूरा नाम नया?"

"पूरा."

"और जो पुराना वाला था, उसका क्या होता है?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "कुछ नहीं होता. मायके में रह जाता है."

तिवारीजींनी तोवर जुना नंबर त्यांच्या संगणकात घातला होता. ते बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले, "रह नहीं गया साहब. ये तो कमा रही हैं."

मला कळेना. त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. कुंदा देव यांचं विवरणपत्र दर वर्षी भरलेलं होतं. उत्पन्न कमिशनचं. पत्ता ग्वाल्हेरचा. आणि गेल्या वर्षीच्या विवरणपत्रात जास्तीचा भरलेला कर म्हणून चार लाखांच्या वरची रक्कम परत मागितलेली, आणि सरकारनं ती व्याजासकट कुंदा देव यांच्या ग्वाल्हेरच्या खात्यात जमाही केलेली.

मी ह्या धंद्यात केस पांढरे केले. पण असं काही पाहिलं नव्हतं. पैसे हरवले नव्हते. कुणीतरी ते व्यवस्थित अर्ज करून उचलले होते.

तिवारीजींचा आवाज बदलला. "मैडम, दो पैन, दो रिटर्न, और रिफंड भी ले लिया. अब आप कह रही हैं कि आपको पता नहीं."

वहिनी म्हणाल्या, "मला नाही माहीत." मराठीत म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि हिंदीत म्हणाल्या, "मुझे सच में नहीं मालूम, भैया."

तिवारीजी त्यांच्याकडे पाहत राहिले. विश्वास ठेवावासा वाटत होता त्यांना, पण पुढ्यातला पडदा ठेवू देत नव्हता. "दिवाली के बाद लिखकर दीजिए, कि ये किसने किया. नहीं तो मुझे ऊपर लिखना पड़ेगा. फिर मामला सिर्फ टैक्स का नहीं रहेगा," ते म्हणाले.

परत येताना ऑटोनं चौक ओलांडल्यावर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, मी किती कमावते म्हणाले ते?"

मी आकडा सांगितला. शाळेत त्यांना मिळत होतं त्याच्या दुपटीहून जास्त होता. त्या हसल्या, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रत्येक माणसाच्या उत्पन्नातल्या सुरुवातीच्या काही रकमेवर कर नसतो. म्हणून दुकानदार आपली कमाई कागदावर घरातल्यांत वाटतो. थोडी बायकोच्या नावे, थोडी सुनेच्या, थोडी आईच्या. ह्याला बाज़ारात 'लेडीज फाइल' म्हणतात. कागदावर ह्या बायका शिवणकाम करतात, शिकवण्या घेतात, कमिशन मिळवतात. मानिक चौकातल्या अशा बऱ्याच फायली माझ्याकडे आल्या. माझा दंडक एकच होता, जिच्या नावाची फाइल आहे तिनं एकदा तरी जिना चढून यायचं आणि माझ्यासमोर सही करायची. लोक चिडायचे, पण आणायचे. त्या यायच्या, पदर सावरत बसायच्या, बोट दाखवीन तिथे सही करायच्या. माझ्या दंडकाचा मला अभिमान होता. वहिनींच्या शेजारी ऑटोत बसलो असताना तो अभिमान काही आठवेना.

ऑफिसात आल्यावर मी जुन्या नंबरानं आयकराच्या संकेतस्थळावर शिरायचा प्रयत्न केला. पासवर्ड अर्थातच माहीत नव्हता. 'पासवर्ड विसरलात का' वर टिचकी मारली. पडद्यावर आलं, की नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. मोबाइलच्या नंबराच्या जागी फुल्या आणि शेवटचे चार आकडे.

वहिनींनी ते चार आकडे वाचले. मग पर्समधून आपला फोन काढला, एक नाव शोधलं आणि फोन माझ्यापुढे धरला. शेवटचे चार आकडे तेच होते. वर नाव होतं, दादा.

मोहन देव, त्यांचा थोरला भाऊ. ग्वाल्हेरला औषधांची एजन्सी. दर भाऊबीजेला न चुकता झाशीला येणारा, विनायक गेला तेव्हा दहा दिवस इथे राहून सगळं निस्तरणारा माणूस. मी त्याला चांगला ओळखत होतो.

"दुसऱ्या कुणाचा असेल. हेच चार आकडे पुष्कळांचे असतात," मी म्हणालो. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

वहिनींनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"बोल, कुंदे," पलीकडून आवाज आला. प्रसन्न, घरचा आवाज.

"दादा, तुझ्या फोनवर आत्ता एक ओटीपी आला असेल. तो सांग."

मागे पंख्याचा आवाज येत होता. "कसला ओटीपी?"

"इन्कमटॅक्सचा. कुंदाच्या नंबरचा."

मोहन हसला. "अगं, ते फ्रॉडवाले असतात. ओटीपी कुणाला सांगायचा नसतो. तू कुठे आहेस? शेजारी कोण बसलंय का तुझ्या?"

"कुंदाचा ओटीपी तुझ्याकडे का येतो, दादा?"

पंखा तेवढा चालू होता.

"माझं खातं बंद केलंय. घर जायची वेळ आलीय. तुला माहीत होतं ते पैसे कुणी भरले?"

"हे फोनवर बोलायचं नाही, कुंदे. भाऊबीजेला येतोच आहे. तेव्हा बोलू," मोहन म्हणाला, आणि फोन ठेवला.

परक्या चोराला मी शिव्या देऊ शकतो, तो माझा हातखंडा. इथे एकही शिवी आठवेना. 'माहीत नव्हतं' असं तो म्हणाला असता तरी चाललं असतं. खोटं का होईना, म्हणाला असता. वहिनींनी फोन पालथा घातला आणि त्यावर हात ठेवून बसल्या.

मी कागद ओढला. म्हणालो, "मी तक्रार लिहितो. हा सरळ गुन्हा आहे वहिनी. तुमच्या नावानं खातं चालवलं, विवरणपत्रं भरली, तुमचे पैसे उचलले. त्याचं नाव घातलं की तुम्ही सुटता. आठवड्यात खातं मोकळं होईल. फ्लॅट वाचेल."

"नका लिहू."

मी भडकलो. तोंडाला येईल ते बोललो. तुमच्यासारख्या बायकांमुळेच असले भाऊ माजतात, असंही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं.

"ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. 'अगं' म्हणायचे. शाळेत मी सप्रे मैडम. तुमच्याकडे वहिनी. आई गेल्यापासून मला कुंदा म्हणणारा जगात तो एकच उरलाय, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मी पेन खाली ठेवलं. पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. फ्लॅटच्या मालकाला मी दोनदा जाऊन भेटलो. दिवाळीनंतर चार दिवस थांबा म्हणालो. तो म्हणाला, "दूसरी पार्टी बयाना लेकर खड़ी है." घरी फराळ झाला, दिवे लागले. माझं लक्ष नव्हतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडलं. अकराच्या सुमाराला वहिनी आल्या. बसल्या, रुमाल काढला, त्यातून एक जुनं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. पॅनचं कार्ड. प्लास्टिकच्या कडा उसवलेल्या. फोटोत दोन वेण्यांची एक मुलगी, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारी. फोटोच्या कोपऱ्यावर कुंकू लागलेलं आणि तांदळाचा एक दाणा चिकटलेला.

काय झालं ते त्यांनी सांगितलं, शाळेतला हिशेब सांगावा तशा आवाजात. मोहन आला होता. नेहमीसारखी साडी आणली होती. त्यांनी पाट मांडला, त्याला टिळा लावला, अक्षता लावल्या, ओवाळलं. त्यानं खिशातून ओवाळणीचं बंद पाकीट काढून तबकात ठेवलं. ते त्यांनी उचलून त्याच्या हातात परत दिलं.

"मी म्हणाले, दादा, ह्या वर्षी ओवाळणीत पैसे नकोत. माझं नाव घाल."

मोहननं मग खिशातलं स्वतःचं चामड्याचं पाकीट काढलं म्हणे. कार्ड त्या पाकिटातच होतं.

"फडताळात असेल असं मला वाटत होतं. इतकी वर्षं तो ते जवळ घेऊन हिंडत होता. म्हणाला, बाबांनी सांगितलं होतं, कुंदा गेली, पण तिच्या नावानं घरात काहीतरी चालू राहू दे. म्हणून फाइल चालू ठेवली," वहिनी म्हणाल्या.

"आणि तुम्ही ते खरं मानलंत?"

"खरं असेल. बाबा असं बोलायचे. मी विचारलं, मग पैसे का घेतलेस? त्यावर तो जेवला नाही. पान तसंच राहिलं."

त्या सकाळीच, बँक उघडताच, मोहननं सगळी रक्कम वहिनींच्या खऱ्या नंबरावर भरली होती. आता चलान संगणकावरूनच काढावं लागायचं. वहिनी त्याच्या शेजारी बसल्या आणि नंबराचं एकेक अक्षर त्यांनी त्याला वाचून दाखवलं. रात्री बसून नवा नंबर पाठ केला होता. मोहन तिथूनच स्टेशनवर गेला. जाताना 'येतो' म्हणाला, कुंदे म्हणाला नाही. काय झालं ते त्यानं स्वतः तिवारीजींना लिहून दिलं होतं, ते पत्रही वहिनींनी आणलं होतं. मी वाचलं. कुठेही सारवासारव नव्हती.

फ्लॅट गेला. आमचे कागद फिरून खातं मोकळं व्हायला पुढचे कित्येक आठवडे गेले, तोवर दुसऱ्या पार्टीनं कुलूप लावलं होतं. वहिनींनी पुढे त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. गुडघे धरून चढतात. मोहन त्यानंतर झाशीला आलेला नाही. मनिऑर्डरीसारखी ऑनलाइन ओवाळणी येते, त्या परत पाठवतात.

पण त्या दिवशी अजून एक काम राहिलं होतं. जुना नंबर बंद करायचा अर्ज. मी भरला आणि सहीसाठी पुढे सरकवला.

"सही कोणती करू?"

"ज्या नावाचं कार्ड परत करतोय त्या नावाची."

त्यांनी पेन घेतलं. पंचवीस वर्षांत केली नव्हती ती सही. कुंदा देव. मी ह्यापूर्वी त्यांची अरुंधती सप्रे ही सही पुष्कळदा पाहिली होती, जपून, एकेक अक्षर वेगळं काढलेली. ही सही एका दमात झाली, शेवटी लांब रेघ मारून खाली टिंबसुद्धा दिलं. त्यांनी ती जराशी लांब धरून पाहिली.

"हे दिलं की कुंदा देव कुठेच नाही ना, भाऊजी?"

"सरकारात नाही," मी म्हणालो.

दुपारी कार्ड आणि अर्ज तिवारीजींकडे दिले. त्यांनी मोहनचं पत्र दोनदा वाचलं. कार्डावरचं कुंकू बोटानं पुसलं, ते गेलं नाही. त्यांनी काही न विचारता कार्ड अर्जाला टाचलं आणि पोच दिली.

मी त्या दिवशी ऑफिसला परतलो नाही, सरळ घरी गेलो. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली. अंगठी धरून तांदळात मीही एक नाव लिहिलं होतं, तेच चाळीस वर्षं हाकारत आलो. त्याआधीचं मला आठवायला येताना निम्मा रस्ता लागला. स्वयंपाकघरात ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी दारात उभा राहिलो आणि हाक मारली, "विजया."

ती पोळी लाटत राहिली. मागे न वळता म्हणाली, "कोण आलंय?"